ऐकली, पण वाचली का?

गोंदिया तालुक्यातील कामठा हे एके काळी भंडारा जिल्ह्यातील मोठ्या जमीनदारीचे ठाणे होते. १८१८ साली येथील जमीनदार चिमणा पटेल याने इंग्रजांविरुद्ध उठाव केला आणि तो मोडून काढण्यात आला, एवढीच या गावाची इतिहासाच्या पुस्तकांतील मुख्य नोंद. आज हा धानाचा मुलूख आहे. मध्य प्रदेश आणि छत्तीसगड या दोन्ही राज्यांच्या सीमा जिल्ह्याला लागून असल्यामुळे येथील बाजारात पोवारी, लोधी, छत्तीसगडी, हिंदी आणि झाडीबोलीची मराठी एकमेकींत मिसळून कानावर पडतात. अशा टापूत व्यापार करणाऱ्या कुटुंबाला भाषा मुद्दाम शिकावी लागत नाही. ती गल्ल्यावर बसल्या बसल्या येते. घरात मारवाडी, गुजराती किंवा कच्छी, दुकानात हिंदी-मराठी आणि मुलांच्या शाळेत इंग्रजी, ही या भागातील व्यापारी घरांची सर्वपरिचित विभागणी.

या विभागणीचा एक परिणाम सहसा बोलला जात नाही. मराठीत भाव ठरतो, उधारी मागितली जाते, लग्नाची बोलणी होतात, थट्टाही होते. पण सहाशे-सातशे पानांची मराठी कादंबरी हाती आली की डोळे अडखळतात. जोडाक्षरांच्या आणि संस्कृत शब्दांच्या गर्दीतून वाट काढताना तासाला दहा पाने होतात आणि पुस्तक बैठकीच्या कपाटात परत जाते. म्हणून मोबाईलवर कादंबरी वाचून दाखविणारा आवाज आला, तेव्हा तो केवळ सोयीचा प्रश्न राहिला नाही. ज्यांना मराठी कळते पण सराईतपणे वाचता येत नाही, अशांसाठी एक बंद दार उघडले. स्वीडनमधील स्टोरीटेल ही कंपनी २०१७ च्या अखेरीस भारतात आली आणि इंग्रजी व हिंदीबरोबर मराठी पुस्तकेही तिने आरंभापासून ऐकविली. त्याआधी आकाशवाणी होतीच. नागपूर केंद्र १९४८ च्या जुलैत सुरू झाले आणि रेडिओवरील क्रमशः वाचन विदर्भातील मागच्या पिढीने ऐकलेले आहे. फरक इतकाच की, रेडिओची वेळ ठरलेली असे आणि ऐकणारे घर एकत्र बसत असे. आता वेळ ज्याची त्याची आणि आवाज ज्याच्या त्याच्या कानात.

दीर्घ आणि नावाजलेली कादंबरी अशा रीतीने ऐकणाऱ्यांच्या मनात एक चमत्कारिक संमिश्र भावना असते. समाधान असते, कारण वर्षानुवर्षे नाव ऐकलेले पुस्तक अखेर पूर्ण झाले. आणि एक बोच असते: हे वाचन म्हणायचे का? कोणी विचारले की ‘वाचली का?’, तर उत्तर देताना जीभ क्षणभर थांबते. ही बोच खोटी नाही आणि सर्वस्वी खरीही नाही. म्हणून ती नीट तपासून पाहण्याजोगी आहे.

प्रथम लांबीचा हिशेब, कारण व्यापारी घराला हिशेब आधी लागतो. २ लाख शब्दांची कादंबरी मिनिटाला १२० शब्द अशा संथ गतीने वाचली, तर सुमारे २८ तास लागतात. रोज अर्धा तास ऐकले तर जवळजवळ दोन महिने. सामायिकाच्या ४८ मिनिटांच्या मापाने मोजले, तर ३५ बैठका. (माप तेवढे सामायिकाचे घ्यावे, सामायिकाची वेळ कादंबरीला देऊ नये, हे सांगावयास नको.) हा काळ अशक्य नाही, पण वेग वाढवून तो निम्म्यावर आणण्याचा मोह मोठा आहे. मोबाईलमध्ये दीडपट, दुप्पट वेगाची कळ असते आणि वेळ वाचविण्याची सवय असलेला माणूस ती दाबतोच. दुप्पट वेगाने ऐकलेल्या कादंबरीत कथानक शिल्लक राहते; श्वास राहत नाही. शोकाच्या वाक्यानंतर वाचणाऱ्याने जो क्षण सोडलेला असतो, तोच यंत्र प्रथम खाऊन टाकते.

नावाजलेपणाची गोष्टही येथे जवळची आहे. मराठी घरांत कादंबरीचा मोठेपणा सांगताना ‘ज्ञानपीठ’ हा शब्द हमखास येतो. भारतीय ज्ञानपीठ ही संस्था १९४४ साली साहू शांतिप्रसाद जैन आणि रमा जैन या उद्योजक दांपत्याने स्थापिली. आरंभीचे तिचे कार्य प्राचीन ग्रंथांच्या प्रकाशनाचे होते आणि शांतिप्रसादजींच्या मातोश्रींच्या नावाची मूर्तिदेवी ग्रंथमाला त्यातूनच निघाली. ज्ञानपीठ पुरस्कार पुढे १९६५ पासून सुरू झाला. वि. स. खांडेकर यांना ‘ययाति’साठी तो १९७४ साली मिळाला, भालचंद्र नेमाडे २०१४ चे मानकरी ठरले, शिवाजी सावंत यांना याच संस्थेचा मूर्तिदेवी पुरस्कार लाभला. म्हणजे व्यापारी जैन कुटुंबाने उभारलेल्या तराजूत भारतीय भाषांतील साहित्य तोलले गेले, आणि अनेक व्यापारी जैन घरांत त्या तराजूत वजनदार ठरलेली पुस्तके न उघडता राहिली. या विसंगतीत लाज वाटून घेण्यासारखे काही नाही. पण ती लक्षात ठेवण्याजोगी आहे.

सगळ्याच मोठ्या कादंबऱ्या कानाला सारख्या मानवत नाहीत. सावंतांची १९६७ ची ‘मृत्युंजय’ घ्यावी. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण आपापल्या तोंडाने आपली कथा सांगतात, अशी तिची रचना आहे. म्हणजे ती लिहिलेलीच मुळी बोलण्याच्या रूपात आहे. ‘ययाति’ही तशीच: देवयानी, शर्मिष्ठा आणि ययाति यांची आत्मनिवेदने. असे पुस्तक ऐकताना काही उणे वाटण्याऐवजी ते आपल्या मूळ घरी परत आल्यासारखे वाटते. ‘मृत्युंजय’मधील लांब, अलंकृत वर्णने कागदावर डोळा पटकन ओलांडून जातो. कानाला तशी सोय नाही. त्याला प्रत्येक उपमा ऐकावी लागते. चांगल्या वाचकाच्या मुखी त्या वर्णनांना कीर्तनासारखी लय येते आणि सामान्य वाचकाच्या मुखी त्याच वर्णनांचा भार होतो. ग्रंथाची अतिशयोक्ती लपविणे कागदाला जमते, आवाजाला जमत नाही.

दुसरी अडचण अगदी व्यवहारातली आहे. छापील पुस्तकात भागाच्या माथ्यावर बोलणाऱ्याचे नाव असते. ऐकताना तेवढ्यात गिऱ्हाईक आले, पोत्याचे वजन करून दिले, पैसे घेतले आणि पुन्हा कान दिला, तर ‘मी’ बोलत असतो. पण कोणता मी? कर्ण की शोण? दोघे भाऊ म्हणून वाढले आहेत, एकच घर सांगत आहेत. मागे जावे तर किती मागे, हे बोटाला कळत नाही. पुस्तकात दोन पाने उलटली की काम होते. आवाजात वाट चुकली की बराच वेळ चुकलेलीच राहते.

वाचणाऱ्याने किती अभिनय करावा, हाही वादाचा विषय आहे. काहींना रडण्याच्या जागी रडणारा आणि गर्जनेच्या जागी गर्जणारा आवाज आवडतो. तथापि पंचवीस-तीस तासांच्या सोबतीत असा आवाज थकवितो. शिवाय प्रत्येक वाचकाच्या मनात त्याचा स्वतःचा एक कर्ण असतो. नाटकी आवाज त्याला बाजूला सारून दुसराच कर्ण बसवितो. कर्णाचे दुःख स्वतः वाहून न नेता ते ऐकणाऱ्याच्या हाती ठेवणारा वाचक अधिक चांगला.

खरी कसोटी नेमाड्यांच्या कादंबऱ्यांची. १९६३ ची ‘कोसला’ पांडुरंग सांगवीकर हा तरुण सांगतो. त्याच्या बोलण्यातले ‘वगैरे’ मराठी वाचकांना इतके परिचित आहे की त्याचीच एक शैली झाली. कागदावर ते ‘वगैरे’ एक शब्द असते. कानात ती एक ढब होते. खांदा उडवून दुःख टाळण्याची त्या तरुणाची सवय त्या एका शब्दात ऐकू येते. खानदेशी घराचा सूर ज्याच्या जिभेवर आहे असा वाचक मिळाला, तर ‘कोसला’ ऐकणाऱ्याला ते हसू आणि त्यामागची पोकळी दोन्ही एकदम कळतात. पण मधला दैनंदिनीचा भाग कानाला कोरडा जातो, कारण तुटक नोंदींची गंमत डोळ्यांनी पानावर पाहण्यात असते. आणि धाकट्या मनीच्या मृत्यूचा भाग? तो ऐकत असताना दुकानाच्या पायरीवर माणूस उभा राहिला, तर गोष्ट थांबवावी की गिऱ्हाईक? कादंबरी ऐकणाऱ्या प्रत्येक दुकानदारावर ही वेळ केव्हा ना केव्हा येते. बहुतेक जण गोष्ट थांबवितात, माल देतात आणि पुन्हा कळ दाबतात. पण मधल्या वेळात आत काहीतरी तुटलेले असते. पुस्तक हाती असते, तर ते बहुधा त्या वेळी उघडलेच नसते. रात्री उघडले असते.

‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ ही २०१० ची कादंबरी याहून कठीण. प्रकाशित झाल्यापासून तिच्याविषयी मराठीत टोकाची मते आहेत. कोणाला ती महाग्रंथ वाटते, कोणाला शीर्षकातील अडगळच तेवढी दिसते. पुरातत्त्वाचा अभ्यासक खंडेराव मोहेंजोदडोच्या उत्खननावरून मरणासन्न वडिलांसाठी गावाकडे परतू लागतो आणि त्या प्रवासात बालपण, गाव, पूर्वज, शेतकरी, भटके, हजारो वर्षांपूर्वीची वस्ती, सगळे एकमेकांत शिरते. डोळ्यांनी वाचतानाही येथे बोट पानावर ठेवावे लागते. ऐकताना काळाची उडी कधी घेतली गेली हे कळतच नाही. आता बोलणारा मुलगा आहे की प्रौढ, गाव आजचे की तीन पिढ्यांपूर्वीचे, याचा संभ्रम पडतो. या कादंबरीविषयी ‘ऐकली, पण हाती काही लागले नाही’ असे कोणी म्हटले, तर त्याला मंदबुद्धी ठरवू नये.

पण याच कादंबरीत लोकगीते आहेत, बायकांची बोलणी आहेत, शिव्या, म्हणी, आजीच्या तोंडचे किस्से आहेत. हा भाग छापील पानावर आवाजाला पारखा वाटतो. सुशिक्षित शहरी वाचकाला जे परिश्रमाने समजून घ्यावे लागते, ते बाजारात चार बोली ऐकत वाढलेल्या कामठ्याच्या माणसाचा कान सहज पकडतो. म्हणजे जो अक्षरांपुढे अडखळतो, तोच येथे अधिक जाणता ठरतो.

दीर्घ श्रवण या टापूला परके नाहीच. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या झाडीपट्टीत धान घरी आल्यावर, दिवाळीपासून महाशिवरात्रीच्या सुमारापर्यंत, रात्र रात्र नाटके चालतात. दंडार तर त्याहून जुनी. मांडवात बसलेला प्रेक्षक थंडीत पहाटेपर्यंत ऐकतो, डुलकी घेतो, शेजाऱ्याला ‘मधे काय झाले?’ असे विचारतो आणि पुन्हा कथेत येतो. याच जिल्ह्यातील आमगावजवळचे पद्मपूर हे ‘उत्तररामचरित’कार भवभूतीचे गाव मानले जाते.

दुसरे उदाहरण दूरचे, पण गोंदियाला लागू पडणारे आहे. कारण गोंदिया बिडीचे गाव. क्यूबातील हवाना शहरात १८६५ पासून सिगार वळणाऱ्या कामगारांना काम करताना वाचून दाखविण्याची प्रथा सुरू झाली. उंच आसनावर बसलेला वाचक वर्तमानपत्र वाची आणि मग कादंबरी. कोणती कादंबरी, हे कामगार ठरवीत आणि वाचकाचे वेतन आपल्या मजुरीतून देत. अलेक्झांडर द्युमाच्या ‘काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्तो’वर त्यांचा इतका जीव जडला की ‘मॉन्टेक्रिस्टो’ हे एका प्रसिद्ध सिगारचे नाव झाले. आपल्या देशात केरळच्या कण्णूर भागातील बिडी कारखान्यांतही हेच घडले: एक जण वाचायचा, बाकीचे पाने वळायचे आणि वाचणाऱ्याच्या वाट्याच्या बिड्या इतरांनी भरून द्यायच्या. तंबाखूच्या गुणदोषांची चर्चा येथे नको. विचार करावा तो त्या व्यवस्थेचा. हात कामात आणि कान कथेत, ही आजचीच रीत तेथे दीडशे वर्षांपूर्वी होती. त्या कामगारांना कोणी ‘तुम्ही द्युमा वाचला का?’ असे हिणवले नाही. पण ते सगळे एकच पुस्तक, एकाच वेळी, एकमेकांसमवेत ऐकत होते आणि सुटी झाली की त्यावर भांडत होते. इअरफोनमध्ये वजा झाले आहे ते हे भांडण.

या मुद्द्यावर जैन कथावाङ्मयातील एक ग्रंथ आश्चर्य वाटावे इतका बोलका आहे. सिद्धर्षींची ‘उपमितिभवप्रपञ्चा कथा’ संवत ९६२ मध्ये, म्हणजे इसवी सन ९०६ मध्ये भिल्लमाळ, आजचे राजस्थानातील भीनमाल, येथे पूर्ण झाली. आठ प्रस्तावांची ही अवाढव्य संस्कृत रूपककथा आजच्या भाषेत दीर्घ कादंबरीच होय. जर्मन पंडित हर्मन याकोबी यांनी तिचे संपादन पूर्णत्वास नेले आणि मुंबईतील मोतीचंद गिरधरलाल कापडिया यांनी ती गुजरातीत आणली. वधस्थानाकडे नेला जाणारा चोर, म्हणजे संसारी जीव, सदागमाच्या आश्रयाला येतो आणि आपल्या असंख्य जन्मांची हकिगत सांगतो, अशी तिची चौकट आहे. सिद्धर्षींनी या चौकटीत केवळ सांगणारा ठेवला नाही, ऐकणारेही ठेवले. त्यांत प्रज्ञाविशाला आहे, भव्यपुरुष आहे आणि अगृहीतसंकेता नावाची एक स्त्री आहे. नावाचा अर्थच असा की जिला सूचक अर्थ उमगत नाही. ती कथा ऐकता ऐकता प्रश्न विचारते, प्रज्ञाविशाला तिला उलगडून सांगते आणि मग कथा पुढे सरकते.

इतक्या लांब कथेत ऐकणारा मागे पडणार, हे कर्त्याने गृहीत धरले होते. मागे पडणे हा त्याने अपराध मानला नाही, उलट त्यासाठी एक पात्र निर्माण केले. पर्युषणातील व्याख्यानात आजही हेच घडते: साधु-साध्वी मुखे जे सांगितले जाते, त्यात ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावरील शंका पाहून थांबण्याची सोय असते. संवत्सरीला बारसासूत्र मूळ अर्धमागधीत ऐकताना बहुतेकांना शब्दशः अर्थ कळत नसतो, तरी कोणी ते निष्फळ मानीत नाही. पण त्याआधी काही दिवस अर्थासह वाचना झालेली असते, हे विसरता कामा नये. ‘श्रावक’ या शब्दाच्या मुळाशी ऐकणे आहे. कानावर पडणे नाही.

मोबाईलमधील आवाज अगृहीतसंकेतेसाठी थांबत नाही. तो वाचीत जातो. ऐकणारा झोपला तरी वाचीत जातो आणि सकाळी यंत्र सांगते की पुस्तक संपले. दीर्घ कादंबरी ऐकून मनाला जी हुरहूर लागते, तिचे मूळ बहुधा येथे आहे. डोळ्यांऐवजी कान वापरला ही खंत वरवरची. प्रश्न विचारायला समोर कोणी नव्हते आणि ऐकल्यावर बोलायलाही कोणी नव्हते, ही खरी खंत.

काही ऐकणाऱ्यांना हा सगळा ऊहापोह श्रीमंती चैन वाटेल, आणि तो त्यांचा हक्क आहे. मोतीबिंदूने किंवा मधुमेहाने दृष्टी उणावलेल्या सासूबाईंना, जन्मांध विद्यार्थ्याला, अक्षरे उलटसुलट दिसणाऱ्या मुलाला ‘ऐकणे हे वाचन का?’ असे विचारणे निर्दयपणाचे आहे. त्यांच्यासाठी बोलकी पुस्तके ही दुसरी पसंती नव्हे. भारताने २०१२ साली आपल्या कायद्यात दुरुस्ती करून अशा वाचकांसाठी पुस्तकांच्या सुलभ प्रती काढणे स्वामित्वहक्काच्या अडसरातून मोकळे केले. २०१३ च्या मराकेश कराराला जून २०१४ मध्ये मान्यता देणारा पहिला देशही भारतच होता. घरात कोणी असे असेल, तर त्यांनी कोणती कादंबरी ऐकली हे विचारावे आणि मग ऐकून घ्यावे. बहुधा त्यांनी घरातल्या इतर सर्वांपेक्षा अधिक ऐकलेली असते.

बाकीच्यांसाठी उपाय साधे आहेत आणि त्यांना खर्च फारसा नाही. वेग मूळचाच ठेवावा. वजनकाट्यावर किंवा महामार्गावर गाडी हाकताना ऐकायला ‘मृत्युंजय’ चालेल, ‘हिंदू’ नाही. कादंबरीची छापील प्रत घरात असावी. ऐकताना गोंधळ झाला की ते पान उघडावे. एकदा ऐकलेले पान नंतर वाचताना डोळे फारसे अडखळत नाहीत, आणि इंग्रजी शाळेतल्या मुलांना हाच मार्ग मराठी अक्षरांपर्यंत आणू शकतो. आणि इअरफोन काढून आवाज खोलीत सोडावा. सुनेने, सासूने, बारावीतल्या मुलाने एकत्र ऐकावे. ‘हा कोण बोलतोय?’ असे कोणी विचारले की कळ दाबून थांबावे. एखादी नावाजलेली कादंबरी सगळ्यांनाच कंटाळवाणी वाटली, तर ती अर्ध्यावर सोडून देण्यासही हरकत नाही. मात्र का कंटाळा आला यावर घरात चर्चा व्हावी.

सिद्धर्षींच्या ग्रंथाचे प्रथम वाचन भिल्लमाळच्या जिनमंदिरात श्रोत्यांसमोर झाले. त्याची पहिली लिखित प्रत गणा नावाच्या साध्वींनी तयार केली, असे ग्रंथाच्या प्रशस्तीत नोंदलेले आहे. आधी ऐकणे, मग अक्षर, असा तो क्रम होता. धानाची गर्दी ओसरल्यावर, झाडीपट्टीचे मांडव उठल्यावर, उन्हाळ्यातील लांब दुपारी दुकानात फारसे कोणी येत नाही. ३५ बैठका तेव्हा सहज निघतात.